वाघिणीचा वास

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. इंग्रजी वॅगन कुणाच्या तरी तोंडात घोळली, तिची वाघीण झाली आणि तशीच छापलीही जाऊ लागली. हे मला फार उशिरा कळलं. बाबा संध्याकाळी घरी येऊन "आज अकरा वाघिणी रिकाम्या झाल्या" म्हणायचे आणि मी ते जसंच्या तसं धरून चालायचे. रामटेकच्या पुढे जंगल लागतं आणि जंगलात वाघ असतो हे नागपूरच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. तेव्हा माझे बाबा वाघिणी रिकाम्या करतात यात मला न पटण्यासारखं काही वाटलं नाही. तिसरीत 'माझे वडील' या निबंधात मी तसं लिहिलं. बाईंनी तो वर्गात मोठ्यानं वाचला. पुढचं सांगत नाही.

बाबा मालबाबू होते, म्हणजे मालधक्क्यावरचे कारकून. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मागच्या भिंतीपलीकडे यार्ड, त्यामुळे गाडीत काय भरलंय हे आम्हाला डोळ्यांच्या आधी नाकानं कळे. कोळशाला वेगळा असा वास नसतो, तो नुसता घशात बसतो. युरियाची पोती ओलावली की डोळ्यांत पाणी यायचं. भंडारा-बालाघाटकडची वाळलेली मोहफुलं आली की सुरुवातीला बरं वाटायचं, गोड-गोड, एखाद्या लग्नघराच्या मागच्या अंगणासारखं. पण पावसाची एक सर पोत्यांवर पडली की दुसऱ्या दिवशी तोच वास डोक्यात चढायचा, आणि हमाल आपसात डोळे मिचकावत हसायचे. मासळीचे करंडे पार्सलच्या डब्यातून उतरायचे. त्यांचं बर्फाचं पाणी फलाटभर सांडलं की पुढे दोन दिवस मांजरांचं राज्य.

आणि मिरची. लाल मिरचीची वाघीण उघडली की अख्खी चाळ शिंकायला लागायची. हमाल तोंडाला ओला दुपट्टा बांधून, हातांना तेल चोपडून आत जायचे आणि दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन खोकायचे. रात्री घरी गेल्यावर हात पाण्यात घातले की आग व्हायची, म्हणून त्यांच्यातले बरेच जण त्या दिवशी जेवताना चमचा वापरायचे, असं बाबा सांगत. नागपूरची भाजी झणझणीत असते याचं कौतुक सगळीकडे होतं. त्या झणझणीतपणाचं पहिलं बिल मालधक्क्यावर फाटायचं हे मात्र कुणी सांगत नाही.

बाबा घरी आले की आजी त्यांना उंबरा ओलांडू देत नसे. मागच्या अंगणातल्या नळाखाली आधी अंघोळ, कपडे तिथेच बादलीत, मग घर. त्यांच्या अंगाला काय चिकटलंय, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. मालधक्क्यावरून आलंय ना, मग ते धुतलं पाहिजे. हमालांचे मुकादम कधीमधी निरोप घेऊन यायचे. त्यांच्यासाठी व्हरांड्यातल्या कोनाड्यात दांडा तुटलेला एक कप वेगळा ठेवलेला होता. तेव्हा मला तो फक्त तुटका कप वाटायचा.

1978 च्या मे महिन्यात एका मालगाडीतून एक वाघीण काढून आमच्या भिंतीपलीकडे आणून उभी केली. तिचा आस तापला होता. रेल्वेच्या भाषेत अशी वाघीण 'सिक' होते आणि तिला 'सिक लाइन'वर ठेवतात. भावाला आणि मला आजारी वाघिणीची ही कल्पना इतकी आवडली की पहिल्या दिवशी आम्ही भिंतीवर चढून तिला बघून आलो. दुसऱ्या दिवशी बघावं लागलं नाही. आत मीठ लावलेली कच्ची कातडी होती.

नागपूरचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना पारा सांगायला नको. आमच्याकडे खिडकीत कूलर होता, वाळ्याच्या ताट्या लावलेला, बाबांनी पत्र्याची पेटी बनवून घेतलेली. कूलर म्हणजे काय, तर बाहेरची हवा ओल्या वाळ्यातून आत ओढणारं यंत्र. तो इमानेइतबारे बाहेरची हवा आत ओढत राहिला. वाळ्याच्या अत्तरात भिजवलेलं कातडं कसं लागतं ते मला आजही आठवतं. कूलर लावला तर वास, बंद केला तर भाजून निघायचं. आजी म्हणायची बंद कर, आई म्हणायची लेकरं करपतील. असं नऊ दिवस चाललं. मग एका सकाळी वाघीण तिथे नव्हती. घरात कुणी त्यावर बोललं नाही, आणि आम्ही आंबे खायला लागलो.

बाबांची जुनी कागदपत्रं आवरताना एकदा मालभाड्याचे नमुने हाताला लागले. बिल्टीवर कुठून, कुठे, काय, किती नग, किती वजन, दर आणि भाडं असे रकाने असतात. वासाला रकाना नाही. बिल्टीसारखा समदर्शी कागद मी दुसरा पाहिला नाही. अत्तर असो की हाडं, ती फक्त वजन आणि अंतर विचारते.

कायदा मात्र विचारतो. 1890 च्या रेल्वे कायद्यात यासाठी वेगळं कलम होतं, 1989 च्या कायद्यात ते 67 वं आहे. धोकादायक माल आणि त्याच्या शेजारी बसवलेला 'ऑफेन्सिव्ह' माल. हिंदी पाठात त्याला भारदस्त शब्द आहे, 'घृणोत्पादक'. किळसवाणा म्हटलं की माणूस नाक दाबतो. घृणोत्पादक म्हटलं की सावधान उभं राहावंसं वाटतं. या मालाची यादी रेड टॅरिफ नावाच्या नियमावलीत आहे. वाळलेलं रक्त, प्रेतं, मेलेल्या जनावरांची धडं, धुऊन पांढरी न केलेली हाडं, रस्त्यांचा केरकचरा, शेणखत-कंपोस्ट, चिंध्या, सडलेलं काहीही. शिवाय माणसाचे सांगाडे आणि माणसाची राख.

या शेवटच्या नोंदीपाशी मी अडकले. आजी गेली तेव्हा तिच्या अस्थी प्रयागला नेल्या होत्या. नागपूरहून रेल्वेनं, स्लीपरच्या डब्यात, तांब्याचं तोंड फडक्यानं बांधून आईच्या मांडीवर. जिनं जन्मभर मालधक्क्याला उंबऱ्याबाहेर धुतलं, तिचा शेवटचा प्रवास नियमावलीप्रमाणे वाळलेल्या रक्ताच्या आणि चिंध्यांच्या रांगेत बसतो. हे तिच्या वाचनात आलं असतं तर रेल्वेमंत्र्याला पत्र गेलं असतं.

तेव्हापासून हा विषय मला सोडेना. मध्य प्रांतात रेल्वे आली तिची गोष्ट आपण कापसाची म्हणून सांगतो. 1867 साली भुसावळकडून रूळ नागपूरला आले, 1887 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, कापूस मुंबईला, मॅंगनीज कलकत्त्याला, सगळं खरं. पण 1896-97 चा आणि लगेच 1899-1900 चा दुष्काळ याच रुळांच्या काठी पडला. चारा नव्हता, जनावरं मेली, आणि अशा वर्षांत देशातून कातडी आणि हाडं यांची निर्यात वाढायची. ज्या बैलानं कापूस गाडीपर्यंत ओढून आणला, तोही शेवटी गाडीतच चढला. हाडं दळून खत होई, जाळून कोळसा होई, आणि त्या कोळशातून साखरेचा रस गाळला की साखर पांढरी शुभ्र निघे. माझी पणजी विलायती साखरेचा नैवेद्य दाखवत नसे, त्यात हाडं असतात म्हणे. आम्ही तिला हसायचो. साखरेत हाडं नव्हती, पण हाडांच्या कोळशातून ती गाळून आलेली असायची, एवढं म्हातारीचं खरं होतं. अमेरिकेत आणि कॅनडात बायसन मारून संपवले, त्यानंतर वसाहतवाल्यांनी त्यांची माळरानावर पसरलेली हाडं गोळा करून टनावर विकली. ती मालडबे भरभरून याच दोन कामांसाठी गेली, खत आणि साखर. कॅनडातलं रेजायना शहर वसायच्या आधी त्या जागेचं नावच हाडांचा ढीग असं होतं.

शहरांची पोटं मोठी झाली तशी विष्ठाही गाडीत बसली. इंग्लंडमधल्या मँचेस्टरनं 1886 मध्ये शहराबाहेरची कॅरिंग्टन मॉस ही दलदल विकत घेतली आणि रात्रीचा मैला व केर तिथे नेऊन टाकायला सुरुवात केली. रूळ टाकले, जमीन सुपीक झाली, भाज्या पिकल्या, भाज्या शहरात आल्या. कलकत्त्यानं हेच त्याच्या आधी केलं होतं. 1860 च्या दशकात नगरपालिकेनं फक्त कचऱ्यासाठी रेल्वे बांधली, धापाच्या खाजणापर्यंत. तिथेही पुढे भाज्याच. मुंबईकर हार्बर लाइननं चेंबूरला उतरतात, तो कुर्ला-चेंबूर फाटा मुळात शहराचा कचरा देवनारकडे न्यायला टाकला होता. माणसांसाठी तो 1924 मध्ये खुला झाला. कचऱ्याला जागा आधी मिळाली, माणसं मागून आली. मुंबईच्या लोकलमध्ये उभं राहिलेल्या कुणालाही यात फार नवल वाटणार नाही.

या साऱ्यांत मला सगळ्यात गमतीची वाटते ती लंडनची नेक्रोपोलिस रेल्वे. 1854 मध्ये सुरू झाली. लंडनची स्मशानं भरून ओसंडत होती, म्हणून वॉटर्लूहून थेट सरे परगण्यातल्या ब्रुकवुडच्या दफनभूमीपर्यंत प्रेतांची गाडी. शवपेटीला एकेरी तिकीट, सोबतच्या माणसांना परतीचं. हा विनोद नाही, हिशेब आहे. आणि शवपेटीलाही तीन वर्ग! पहिल्या वर्गाला एक पौंड, तिसऱ्याला अडीच शिलिंग. अँग्लिकन पंथाचे डबे वेगळे, बाकीच्यांचे वेगळे. तरीही लंडनच्या बिशपनं आधी कुरकुर केलीच होती, की एखाद्या सभ्य गृहस्थाचा देह आणि एखाद्या बदफैल्याचा देह एकाच गाडीतून गेले तर नातेवाइकांना काय वाटेल? आमच्या आजीची आणि बिशपची गाठ पडायला हवी होती. त्या गाडीची भाडी वर्षानुवर्षं वाढली नाहीत. ब्रुकवुडजवळ गोल्फचं मैदान होतं, तेव्हा काही चलाख खेळाडू काळे कपडे घालून, चेहरा पाडून, शोकाकुल म्हणून स्वस्तात जायचे. 1941 च्या एप्रिलमध्ये जर्मन बॉम्ब स्थानकावर पडले आणि ती गाडी संपली.

इथवर मी हे नातेवाइकांत गप्पांसारखं सांगू शकते. पुढच्यापाशी आवाज बदलतो. 1921 च्या नोव्हेंबरात मलबारातल्या तिरूरहून मोपला बंडातल्या कैद्यांना मालगाडीच्या बंद वाघिणीत कोंबून कोइमतूरच्या दिशेनं पाठवलं. शंभराच्या आसपास माणसं होती. पोदनूरला दार उघडलं तेव्हा आत हवा संपलेली होती. साठहून जास्त जण मेले. लहानपणी ज्या शब्दाला मी वाघीण समजले, तो शब्द मी त्या प्रसंगासाठी आता वापरत नाही. वॅगनच म्हणते.

भारतीय रेल्वेनं सगळ्यात जास्त वाहिलेला घृणोत्पादक माल कोणता, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे, आणि त्याची बिल्टी कधी फाटलीच नाही. गाडी स्थानकात उभी असताना शौचालयाचा वापर करू नये, ही पाटी वाचतच आपण अक्षरं शिकलो. भोकातून खाली रूळ दिसायचे. म्हणजे देशाचा मैला रोज हजारो किलोमीटर जायचा आणि वाटेत जागोजाग उतरवला जायचा. उतरवून घेणारा कोण, हे कुठेच लिहिलेलं नसायचं. नागपूर तर मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही वाटांच्या चौकात. पहाटे आत्याला सोडायला संत्रा मार्केटच्या बाजूनं स्टेशनात शिरलं की ब्लीचिंग पावडरचा वास यायचा, खाली रुळांत रबरी नळी आणि झाडू घेतलेली माणसं, आणि वर फलाटावर आम्ही नाकाला रुमाल लावून संत्र्यांची करंडी सांभाळत उभे. पाटी तिथेच, गाडी तिथेच उभी, आणि डब्यातून पाणी सोडल्याचा आवाज. त्या माणसांनी आवाज आला की फक्त दोन पावलं बाजूला सरकायचं. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 चा कायदा झाला, 2013 चा झाला. डब्याखाली टाक्या बसवायला त्याहून वेळ लागला. ग्वाल्हेरच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेतले जिवाणू आता हे काम करतात. त्यांना वर्ग नाही, आणि बहुधा नाकही नाही.

2018 च्या एप्रिलमधली गोष्ट. बाबांची ऐंशी उलटली होती, डोळे अधू झालेले, म्हणून दुपारी मी त्यांना फोनवरच्या बातम्या वाचून दाखवायचे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात पॅरिश नावाचं जेमतेम हजार वस्तीचं गाव आहे. न्यूयॉर्कच्या मैल्याचा प्रक्रिया केलेला गाळ घेऊन एक मालगाडी निघाली होती, कचराभूमीकडे. शेजारच्या गावानं कोर्टातून मनाई आणली, आणि गाडीतले डबे पॅरिशमध्ये अडकून पडले. मैदानाच्या शेजारी, वस्तीच्या जवळ, दोन महिने. पूर्वी न्यूयॉर्क हा गाळ समुद्रात टाकायचं. 1992 पासून ते बंद झालं, तेव्हापासून तो रेल्वेनं लांबच्या, गरीब, कमी वस्तीच्या गावांकडे जातो. गावकरी म्हणत होते, मेलेल्या प्राण्यांसारखा वास येतो, पोरांना बाहेर खेळता येत नाही.

मला वाटलं बाबा डेमरेज, म्हणजे डबे अडवून ठेवल्याचा दंड, किती लागला ते विचारतील. त्यांनी विचारलं, "उतरवणार कोण होतं?"

बातमीत तसं काही नव्हतं. मी म्हटलं, यंत्रं असतील.

"हं," म्हणाले. मग बराच वेळ गप्प. आणि मग त्यांनी मला ती 1978 ची वाघीण सांगितली, चाळीस वर्षांनी, आपणहून.

आस बदलायचा तर आधी माल दुसऱ्या वाघिणीत हलवायला हवा, असा वॅगन तपासणाऱ्या टीएक्सआरचा हट्ट होता. माल हलवायचा तर हमाल हवेत. मुकादम आले, वाघिणीला एक फेरी मारली, आणि बाबांच्या टेबलासमोर उभे राहिले. ते भंडाऱ्याकडच्या खेड्यातले. त्यांचे वडील गावातली मेलेली ढोरं ओढायचे. छप्पन सालच्या ऑक्टोबरात बापलेक दोघं पायी निघाले, मग गाडीनं, आणि बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या गर्दीत होते. परत गेल्यावर वडिलांनी ढोर ओढायचं काम सोडलं, गावानं त्यांचं दाणापाणी तोडलं, आणि म्हणून हे कुटुंब नागपूरला आलं, हमालीला.

"बाबू," मुकादम म्हणाले, "जे सोडून आलो, तेच रेल्वेनं आनून दारात टाकलं. मिरची म्हना, शिमिट म्हना, रातभर उचलू. त्याले आमचा हात नाही लागनार. तुमाले लिवाचं ते लिवा."

लिहायचं काय, हाच प्रश्न होता. रजिस्टरात रोज वाघीण का अडली त्याचं कारण नोंदवावं लागे. ठेकेदार दोनदा येऊन गेला. 'हमालांनी काम नाकारलं' एवढं लिहा म्हणाला, म्हणजे मला दुसरी टोळी आणता येते. ती ओळ पडली असती तर मुकादमांच्या चौदा माणसांचे बिल्ले गेले असते.

"मग तुम्ही काय लिहिलंत?"

"मजूर उपलब्ध नाहीत. नऊ दिवस, तेच. वर साहेबाचे फोन. मी म्हटलं, साहेब, मे महिना आहे, लग्नसराई आहे, माणसं गावी गेलीत." बाबा हसले. "चौदाच्या चौदा माणसं खिडकीबाहेर लिंबाखाली बसून होती. मीच चहा पाठवत होतो."

नवव्या दिवशी टीएक्सआरच कंटाळला. भरलेली वाघीण तशीच जॅकवर चढवून रात्रीतून दुरुस्त केली, पहाटेच्या गाडीला जोडली आणि सोडून दिली. पुढे ती कुठे आणि कुणी उघडली ते बाबांना माहीत नव्हतं. बिल्टीवर कानपूर होतं एवढं आठवत होतं.

मी विचारलं, "आजीला हे माहीत होतं?"

"तिला कुठलं सांगतो!" बाबा म्हणाले. "कूलर बंद कर म्हणत होती, तो बंद केला."

"नव्हता केला बाबा. चालूच होता."

"होता का?" त्यांनी जरा विचार केला. "मग तुझ्या आईनं लावला असेल."